मामा उजवीकडे का उभे राहायचे: एका स्लाइसचं प्रकरण

ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस उघडला होता, पण रेंजवरचं, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावरचं, गवत सकाळी अजून ओलं असायचं. अशाच एका सकाळी साहेब आले. बॅगेत नवा कोरा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, फोनमध्ये साठवलेले शंभरेक व्हिडिओ. बॅग खांद्यावरून उतरायच्या आधीच दोन्ही मला दाखवून झाले. वय ५७, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, गोल्फ खेळायला लागून सहा वर्षं, हँडिकॅप २४ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जादा; आकडा कमी तितका खेळ चांगला). तक्रार एका ओळीची, गोल्फमध्ये तिला स्लाइस म्हणतात. "कोच, माझा बॉल उजवीकडे जातो. मला स्विंगच नवा करून द्या."

त्यांचं नाव इथे देत नाही. कोर्सवर सगळे त्यांना साहेबच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

नवा स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची पद्धतच नवी हवी, हे खूळ व्हिडिओंतून आलेलं. "फाल्डोने नाही का केला?" असं त्यांनी मला लगेच ऐकवलं. केला, खरं आहे. इंग्लंडचा निक फाल्डो १९८३मध्ये युरोपात पहिल्या नंबरावर होता, पण मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी त्याचा स्विंग दगा द्यायचा. १९८५मध्ये त्याने कोच डेव्हिड लेडबेटरला हाताशी धरलं आणि सगळं पाडून पायापासून बांधायला घेतलं. दोन वर्षं एकही स्पर्धा हाती लागली नाही. मग जुलै १९८७मध्ये मुइरफिल्डच्या धुक्यात, शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार, म्हणजे बरोबर ठरलेले तेवढेच फटके, मारून त्याने ब्रिटिश ओपन एका फटक्याने जिंकली. गोष्ट भारी आहे. पण फाल्डोला सकाळी उठून दुसरं काम नव्हतं, दिवसाला शेकडो बॉल मारणं हाच त्याचा धंदा. साहेबांना आठवड्यात दोन सकाळी मिळायच्या आणि त्यातल्या एकीला नातवाला शाळेत सोडून यायचं असायचं.

मी त्यांना उलट अमेरिकेचा जिम फ्युरिक दाखवला. क्लब वर जातो एका वाटेने, खाली येतो भलत्याच वाटेने आणि मध्ये एक गिरकी घेतो. बघणाऱ्याला वाटावं, याला कोणी शिकवलंच नाही. त्याच स्विंगने ऑगस्ट २०१६मध्ये त्याने ५८चा स्कोअर केला, म्हणजे अठरा होल ५८ फटक्यांत. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, तोवर कोणालाच तो जमला नव्हता. बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अर्ध्या वेळ. वर काय गिरक्या घेतल्या ते बॉलला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की भेट झाली तेव्हा क्लबचं तोंड, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, कुठे होतं, क्लब कुठून कुठे चालला होता आणि तोंडाच्या कुठल्या भागावर भेट झाली.

साहेबांना हे पटलं नाही. फ्युरिक त्यांना कुरूप वाटला.

पहिल्या दिवशी मी धडा घेतलाच नाही, त्यांच्याबरोबर नऊ होल चाललो. सोबत मामा. मामा म्हणजे चार वर्षांपासून साहेबांची बॅग वाहणारे कॅडी. मी पोरगा असताना याच कोर्सवर बॅगा उचलायचो, तेव्हा मामा आम्हा पोरांचे मुकादम होते. टी शॉटच्या, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याच्या, आधी कॅडी पुढे जाऊन उभा राहतो, बॉल कुठे पडतो ते बघायला. साहेब टी जमिनीत खुपसत असायचे तेवढ्यात मामा उजव्या रफकडे, म्हणजे मधल्या कापलेल्या फेअरवेच्या कडेच्या उंच गवताकडे, चालायला लागलेले असायचे आणि कडुनिंबाच्या सावलीत जाऊन थांबायचे. तिसऱ्या होलला मी विचारलं, "मामा, फेअरवेवर का नाही थांबत?" म्हणाले, "बॉल हितंच येतो. तिकडं उन्हात उभं राहून काय करू?"

एवढं निदान मशीनही एका फटक्यात करत नाही.

बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं. साहेब नेम धरायचे तो चांगला तीस यार्ड डावीकडे. बॉल उजवीकडे जातोय ना, मग आधीच डावीकडे बघून ठेवा, असं साधं गणित. बॉल डाव्या पायाच्या अंगठ्याच्याही पुढे. त्यामुळे खांदे डावीकडे उघडलेले. खाली येताना उजवा खांदा आधी झेपावायचा, क्लब बाहेरून आत कापत यायचा. गल्लीत टेनिस बॉलला कट मारावी तसा फटका. बॉल किंचित डावीकडे निघायचा आणि शंभर यार्डांनंतर केळ्यासारखा वळून उजवीकडे बसायचा. ड्राइव्ह १७० यार्डांच्या आसपास. नऊपैकी दोन होलवर बॉल हद्दीबाहेर.

आता माझी चूक सांगतो, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते तिच्यातच आहे.

मी वाट दुरुस्त करायला घेतली. क्लब बाहेरून येतो, तर आतून आणू. सगळे हेच करतात. बॉलच्या पलीकडे चार बोटांवर ड्रायव्हरचं कव्हर ठेवलं. बाहेरून आलात तर कव्हर उडणार. साहेब शिस्तीचे माणूस, तीन आठवडे इमानाने मारत राहिले. कव्हर उडायचं थांबलं. आणि बॉल? आधी डावीकडे निघून मधोमध वळायचा, तो आता निघतानाच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जायला लागला. चौथ्या आठवड्यात क्लबच्या दांड्याच्या मुळावर बॉल बसून काटकोनात उडायला लागले. त्या फटक्याला एक नाव आहे, ते रेंजवर कोणी मोठ्याने उच्चारत नाही. शेजारच्या मॅटवरचे दोघे आपली बॅग उचलून चार मॅट लांब गेले. साहेबांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत, हातमोजा काढला आणि चहा प्यायला गेले.

जुनी पुस्तकं सांगायची, की बॉल क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंड जिकडे असेल तिकडे शेवटी जातो. २००० नंतर रडारवर चालणारी यंत्रं आली आणि हे उलटं निघालं. बॉल निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ड्रायव्हरमध्ये साधारण ८५ टक्के, लोखंडी क्लबमध्ये ७५ टक्के वाटा तोंडाचा. वळतो किती, हे तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकावर. मला हे माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. तरीही रेंजवर उभा राहिल्यावर मी पाहिली ती वाट, कारण वाट डोळ्यांना दिसते. तोंड दिसत नाही.

एका मित्राच्या यंत्रावर साहेबांना उभं केलं, जुन्या सवयीने मारायला सांगितलं. वाट ८ अंश डावीकडे. तोंड लक्ष्याच्या १ अंश डावीकडे, म्हणजे वाटेच्या मानाने ७ अंश उघडं, उजवीकडे फिरलेलं. आता यातली वाट मी सरळ केली आणि तोंड वाटेच्या मानाने तेवढंच उघडं राहिलं, तर बॉल निघणारच उजवीकडे. कव्हरचा प्रयोग म्हणजे मी त्यांची कुबडी काढून घेतली होती आणि पाय तसाच मोडका ठेवला होता. साहेबांच्या शरीराने सहा वर्षांत शोधून काढलेला तो इलाज होता: तोंड उघडंच येणार असेल, तर क्लब डावीकडे ओढ, म्हणजे निदान बॉल कोर्सवर राहील. बाहेरून कापणं हा रोग नव्हता.

तोंड उघडं का, याचं उत्तर मला मिळालं नाही. मामांनी दिलं.

चहाच्या टपरीवर मी डोकं धरून बसलो होतो. मामा म्हणाले, "एक सांगू? साहेब मोकळ्या मैदानात केळं मारत्यात, पण झाडामागून लई सरळ मारत्यात."

मी आधी हसलो. मग हसू थांबलं. सहा वर्षं बॉल उजव्या झाडांत जात असल्यामुळे साहेबांना झाडांखालून बाहेर मारायचा सराव कोर्सवर सगळ्यांत जास्त होता. आणि मामांनी हजारो वेळा मागे उभं राहून ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर दोन काठ्या रोवल्या, दहा पावलांवर कपडे वाळत घालायची दोरी छातीएवढ्या उंचीवर बांधली. ही फांदी समजा, सात नंबरच्या क्लबने खालून काढा. साहेबांनी दहा बॉल मारले. आठ दोरीखालून तीरासारखे गेले, दोन तर थोडे डावीकडे झुकले. डावीकडे! मी "थांबा, हात हलवू नका" म्हणून ओरडलो आणि जवळ जाऊन त्यांचे हात पाहिले.

बॉल कमी उंचीवरून काढायचा म्हणून ते क्लबचं तोंड आधी थोडं झाकून जमिनीवर टेकवायचे आणि मग त्यावर हात गुंडाळायचे. त्यामुळे डाव्या हाताची तीन बोटांची पेरं त्यांना वरून दिसत होती. आता ड्रायव्हर घ्या म्हटलं. पेर दिसत होतं एक, दुसरं जेमतेम. अंगठा आणि तर्जनी यांच्यात जो इंग्रजी व्ही होतो, तो हनुवटीकडे. उजवा हात वरून दाबलेला.

"ही ग्रिप कोणी शिकवली?"

"कोणी नाही. अशीच धरतो आपण."

अशीच म्हणजे बॅट. साहेब तरुणपणी बँकेच्या संघाचे ओपनर होते. वरच्या हाताची पाठ मिडऑफकडे, दोन्ही व्ही एका रेषेत, बॅटचं तोंड सरळ. "बॅटचं पूर्ण तोंड दाखव" हे ज्याने लहानपणी मैदानावर दोन हजार वेळा ऐकलंय, त्याचे हात फटक्यात वळणारच नाहीत. कारण तिथे ते वळले की बॉल कडेला लागून झेल. गोल्फमध्ये क्लब अंगाभोवती फिरतो, वर जाताना त्याचं तोंड आपोआप उघडतं, आणि खाली येताना हातांनी ते परत मिटवावं लागतं. साहेब ते मिटवतच नव्हते. पूर्ण तोंड दाखवत होते. इतकं, की क्लबवर त्यांनी जाड ग्रिपही बसवून घेतली होती, बॅटवर दोन रबरं चढवायचे तशी. ती मी बदलायला लावली. दहाही बोटं दांड्यावर ठेवून धरायची त्यांची पद्धत मात्र तशीच राहू दिली. बोटं एकमेकांत गुंतवा म्हणून मागे लागणारे कोच आहेत, मला त्यात या प्रकरणापुरता काही अर्थ दिसला नाही.

मग त्यांचा जुना हातमोजा मागितला. तळव्याच्या टाचेपाशी, करंगळीच्या खालच्या गादीवर, रुपयाएवढं भोक. क्लब बोटांत न धरता तळव्यात धरला, की तिथे तो फिरतो आणि मोजा तिथेच फाटतो. साहेब दर दोन महिन्यांनी नवा मोजा घेत होते आणि मोज्याच्या कंपनीला शिव्या देत होते. तुमचाही बॉल असाच वळत असेल, तर कोचकडे जायच्या आधी मोजा उलटून बघा. पैसे पडत नाहीत.

ग्रिप बदलली. क्लब तळव्यातून बोटांच्या मुळाशी आणला, तळव्याची गादी दांड्याच्या वर बसवली, डाव्या हाताची तीन पेरं दिसेपर्यंत हात उजवीकडे वळवला, दोन्ही व्ही उजव्या खांद्याकडे. साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं वाटतंय."

आणि पहिले वीस बॉल डावीकडे गेले. नुसते नाहीत, रेंजच्या डाव्या जाळीत. यात नवल नव्हतं. तोंड आता मिटलेलं होतं आणि वाट अजून जुनीच, डावीकडे कापणारी. दोघं मिळून डावीकडेच जाणार. बहुतेक लोक इथेच ग्रिप सोडून देतात. पंधरा मिनिटं मारतात, बॉल भलतीकडे जातो, "मला नाही जमत" म्हणून जुन्या चपला घालतात. साहेबांचा हातही हळूच मागे वळायला लागला होता.

मी म्हटलं, "जाऊ द्या डावीकडे. आज जाळीत मारायचे पैसे दिलेत असं समजा."

"अहो, पण हे चुकतंय ना?"

"सहा वर्षांत किती वेळा डावीकडे मारलाय?"

ते विचार करून म्हणाले, "एकदाही नाही." आणि पहिल्यांदाच हसले.

त्यानंतर मी वाटेबद्दल एक शब्द बोललो नाही, कव्हर बॅगेतच ठेवलं. तिसऱ्या सकाळी जाळीत जाणारे बॉल कमी झाले. पाचव्या सकाळी उजवा खांदा मागे थांबायला लागला, क्लब आतून यायला लागला, कोणी न सांगता. शरीराला बॉल डावीकडे जाताना दिसला, की ते उजवीकडे मारायला बघतं. उजवीकडे जाताना दिसला, की डावीकडे ओढतं. सहा वर्षं हाच नियम साहेबांना बिघडवत होता. आता तोच दुरुस्त करत होता. कव्हर मग परत काढलं, तेव्हा ते कामाला आलं.

या काळात मारायचं ते फक्त अर्धं. कमरेपासून कमरेपर्यंत. मागे क्लबचा दांडा जमिनीला समांतर असताना तोंडाचं पुढचं टोक आकाशाकडे, पुढे गेल्यावरही टोक आकाशाकडे. पुढे तोंडच आकाशाकडे दिसलं, तर हात वळले नाहीत. हे स्वतःचं स्वतःला तपासता येतं, व्हिडिओ लागत नाही. घरी टीव्हीशेजारी एक क्लब ठेवायला सांगितला. रात्रीच्या बातम्यांत वीस वेळा धरायचा, वीस वेळा सोडायचा, फिरवायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फिरवला. दिवाणखान्यातला काचेचा दिवा गेला. वहिनींनी मला फोन करून विचारलं, की हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे का.

ड्रायव्हरला आम्ही डिसेंबरात हात लावला. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आणला, तसे खांदे आपोआप मिटले. बॉलवर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने ठिपका काढून तो क्लबकडे करून ठेवायचा. फटक्यानंतर तोंडावर ठिपका उमटतो. पहिल्या महिन्यात बारापैकी नऊ ठिपके क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळच्या बाजूला, होते. ड्रायव्हरमध्ये टाचेवरचा फटका बॉलला वरून आणखी उजवीकडे वळवतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. वाट सुधारली तसे ठिपके मध्याकडे सरकले. त्यासाठी वेगळं काही केलं नाही. नवा कोरा ड्रायव्हर, टाचेत वजन भरलेला, स्लाइस कमी करतो म्हणून घेतलेला, तो मी बाजूला ठेवला नाही आणि त्याचं कौतुकही केलं नाही. सात अंश उघड्या तोंडाला असा ड्रायव्हर एखाद-दोन अंशांची मदत करेल. बाकीचे कोण भरणार?

नेम सगळ्यांत शेवटी. जमिनीवर दांडा टाकून पायांची रेषा सरळ केली तेव्हा साहेब म्हणाले, "हे तर मी झाडांकडे तोंड करून उभा आहे." सहा वर्षं तीस यार्ड डावीकडे बघणाऱ्याला सरळ म्हणजे उजवीकडेच वाटणार. हे मी पहिल्या दिवशी करायला गेलो असतो, तर केळं थेट शेजारच्या होलवर पडलं असतं.

फेब्रुवारीत परत त्याच यंत्रावर उभे राहिले. वाट २ अंश डावीकडे, तोंड १ अंश डावीकडे. बॉल सरळ निघून शेवटी थोडा उजवीकडे कलतो. ड्राइव्ह दोनशेच्या आसपास. हँडिकॅप २१. फाल्डो झाले नाहीत, व्हायचं नव्हतंच. अरुंद होल आला, उजवीकडे हद्दीचे पांढरे खुंट दिसले, की डावा हात अजूनही हळूच मागे वळतो आणि केळं येतं. त्यावर आम्ही एकच गोष्ट ठरवली आहे: टीवर उभं राहिल्यावर स्विंगचा विचार करायचा नाही, पेरं मोजायची. तीन दिसली, की मारायचं.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर चाललो होतो. सातव्या होलला साहेबांनी पेरं मोजली, मारला, आणि बॉल डावीकडच्या बाभळींत गेला. चांगला खोल. साहेब माझ्याकडे वळून बघत होते, चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. तिकडे पुढे मामा सवयीने उजव्या कडुनिंबाखाली उभे. त्यांनी कपाळावर हात धरून बॉल जाताना पाहिला, दोन क्षण तसेच थांबले, मग टोपी सारखी केली आणि काहीतरी पुटपुटत सगळी फेअरवे आडवी ओलांडून निघाले.